विमा न उतरवलेला अनाथाश्रम : इब्सेनच्या ‘घोस्ट्स’मधला एक निर्णय

नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनच्या ‘घोस्ट्स’ या तीन अंकी नाटकात पहिल्या अंकात एक साधी व्यवहाराची बोलणी आहेत. नवी इमारत बांधून तयार आहे, उद्या तिचं उद्घाटन आहे, आणि तिचा आगीचा विमा उतरवायचा की नाही एवढं ठरवायचं आहे. बोलणी थोडक्यात आटपतात. विमा नको असं ठरतं. या नाटकावर लिहिणारे बहुतेक जण इथून चटकन पुढे जातात, कारण पुढे बापाकडून आलेला रोग आहे, एकमेकांचे भाऊबहीण आहोत हे ठाऊक नसलेल्या दोघांची ओढ आहे, मुलाने आईकडे मागितलेलं मरण आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय नाटकाने समाजावर टीका करताना उपरोधाचा वापर कसा केला हे बघायचं असेल, तर माझ्या मते या विम्याच्या बोलण्यांइतकं बोलकं प्रकरण दुसरं नाही. इथे कुणी टोमणा मारत नाही. दोन सभ्य, सुशिक्षित, प्रामाणिक माणसं टेबलाशी बसून कागदपत्रं बघतात आणि एक निर्णय घेतात. त्या निर्णयात त्यांच्या समाजाचं सगळं दुखणं आलेलं आहे.

इब्सेनच्या आधीच्या पिढीत ही टीका वेगळ्या तऱ्हेने होत असे. फ्रान्समध्ये धाकटा अलेक्झांडर द्युमा आणि एमील ओजिए यांनी पैसा, लग्न, प्रतिष्ठा या विषयांवर नाटकं लिहिली. त्यांत बहुधा एक शहाणा, हजरजबाबी गृहस्थ असायचा. लेखकाचं मत तोच बोलून दाखवायचा, प्रेक्षक टाळ्या द्यायचे, आणि टाळी देणारा प्रत्येक जण स्वतःला त्या शहाण्याच्या बाजूला धरायचा. इब्सेनने तरुणपणी, १८५१ ते १८५७ या काळात, नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या नाट्यगृहात काम केलं होतं. यूजीन स्क्रीबच्या घाटदार फ्रेंच नाटकांचे प्रयोग बसवताना पत्र कधी सापडावं, दार कधी उघडावं, पडदा कुठल्या वाक्यावर पडावा, हे तंत्र त्याने तिथे आत्मसात केलं. ‘घोस्ट्स’मध्ये ते तंत्र आहेच. मात्र शहाणा गृहस्थ त्याने काढून टाकला. बरोबर काय ते सांगणारं कुणीच रंगमंचावर उरलं नाही, आणि प्रेक्षकाला टेकायला जागा राहिली नाही.

माणसं आणि मालमत्ता

पश्चिम नॉर्वेत एका मोठ्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीच्या, काठी रोझेनवोल्ड ही इस्टेट आहे. पाऊस लागून राहिला आहे. मालकीण हेलेन आल्विंग ही विधवा. तिचा नवरा कॅप्टन आल्विंग, सरकारी मानाची पदवी मिळालेला, पंचक्रोशीत नावाजलेला, जाऊन उद्या दहा वर्षं होतील. त्याच्या स्मरणार्थ तिने अनाथाश्रम बांधला आहे आणि उद्घाटन दहाव्या स्मृतिदिनाला ठेवलं आहे. मुलगा ओस्वाल्ड चित्रकार. पॅरिसहून याच कार्यक्रमासाठी घरी आलेला. घरात रेगीना ही तरुण मोलकरीण आहे. तिचा बाप म्हणून ओळखला जाणारा एंगस्ट्रँड हा एका पायाने लंगडा, दारुडा सुतार. आश्रमाच्या कामावर तोच आहे, आणि मिळालेल्या मजुरीतून शहरात खलाशांसाठी एक ‘घर’ काढायचा त्याचा बेत आहे. ते घर कसलं असणार आणि तिथे रेगीनाकडून त्याला काय हवं आहे, हे पहिल्याच प्रवेशात स्पष्ट होतं.

आश्रमाचा कारभार पाहणारा पाद्री मँडर्स बोटीने येतो. मुक्काम मात्र घरी न करता धक्क्याजवळच्या खानावळीत करणार असतो, कारण विधवेच्या घरी राहिल्यावर लोक काय म्हणतील! टेबलावर श्रीमती आल्विंगची नव्या विचारांची पुस्तकं पडलेली असतात. मँडर्स ती उचलून बघतो आणि नापसंती दाखवतो. वाचलीत का असं विचारल्यावर तो सांगतो की स्वतः वाचलेली नाहीत, पण त्यांच्याविषयी पुरेसं वाचलं आहे. अशी पुस्तकं वाचलीत तरी त्याबद्दल बोलू नये, असा त्याचा सल्ला. ती हे ऐकून घेते.

बोलणी

मग तो कागद काढतो. जमिनीचं बक्षीसपत्र, आश्रमाचे नियम, बँकेचं पासबुक, सगळं जागच्या जागी. एक गोष्ट राहिली आहे. इमारतींचा विमा उतरवायचा का?

अर्थात उतरवायचा, असं ती सहज म्हणते. तिच्या घराचा, गुरांचा, पिकाचा, चीजवस्तूंचा विमा आहे. मँडर्सही स्वतःच्या मालाचा विमा उतरवतो. पण आश्रमाचं वेगळं, असं त्याचं म्हणणं. तो पवित्र कामाला वाहिलेला आहे. त्याचा विमा उतरवला तर देवाच्या कृपेवर यांचा भरवसा नाही असा अर्थ कुणी काढील. त्याची स्वतःची काहीही हरकत नाही, हे तो स्पष्ट सांगतो. हरकत घेतील ती इतर माणसं, ज्यांच्या मताला वजन आहे अशी स्वतंत्र आणि प्रतिष्ठित माणसं. शहरात त्याच्या सहकाऱ्याचे, म्हणजे दुसऱ्या पाद्र्याचे, पाठीराखे आहेत. वर्तमानपत्रं आहेत. सल्लागार म्हणून पहिला दोष त्याच्यावर येईल.

श्रीमती आल्विंग विचार करते आणि म्हणते, मग राहू द्या.

हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचताना मला दरवेळी पुढचाच भाग जास्त भयंकर वाटतो. मँडर्स विचारतो, समजा काही झालं तर नुकसान तुम्ही भरून द्याल? ती साफ नाही म्हणते. म्हणजे आपण मोठीच जबाबदारी अंगावर घेतो आहोत, असं तो म्हणतो, पण दुसरा मार्गच नाही असंही तोच ठरवतो. गैरसमजाला जागा देता कामा नये. हे सगळं ठरल्यावर ती सहज सांगते की कालच तिथे आग लागता लागता राहिली. सुतारकामाच्या जागी लाकडाच्या भुश्शाने पेट घेतला होता. एंगस्ट्रँड काडेपेटीच्या बाबतीत निष्काळजी आहे असं लोक म्हणतात. मँडर्स हळहळतो, बिचाऱ्याच्या डोक्याला किती ताप असतात असं म्हणतो, आणि विषय बदलतो. धोका आता प्रत्यक्ष पुढ्यात आलेला आहे. काडी कुणाच्या हातून पडणार तेही कळलं आहे. तरी ठरलेलं फिरवावं असं दोघांपैकी एकालाही सुचत नाही.

मँडर्सला आगीची भीती नाही असं नाही. त्याला आगीपेक्षा बातमीची भीती जास्त आहे. विम्याविरुद्ध त्याने दिलेलं एकही कारण त्याच्या स्वतःच्या श्रद्धेतून आलेलं नाही. देवावर भरवसा हा शब्दप्रयोग तो करतो, पण तो भरवसा इतरांना दिसावा यासाठी. त्याच्या स्वतःच्या सामानाचा विमा उतरवलेला आहेच. इब्सेन यावर एका अक्षराचंही भाष्य करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच संभाषणात, एकाच आवाजात येतात, आणि बोलणाऱ्याला त्यांतला विरोध जाणवत नाही. प्रेक्षकाला जाणवतो. उपरोध घडतो तो एवढ्याच अंतरात.

खरा विमा कशाचा होता

पहिल्या अंकाच्या उत्तरार्धात मँडर्स तिला जुन्या गोष्टींवरून फैलावर घेतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ती नवऱ्याचं घर सोडून त्याच्याकडे आली होती. त्याने तिला कर्तव्याची जाणीव करून देऊन परत पाठवलं. नवरा सुधारला, तिचं घर सावरलं, आणि हे आपल्या हातून घडलं याचा त्याला आजही अभिमान आहे. तेव्हा ती त्याला पहिल्यांदाच खरं सांगते. कॅप्टन मरेपर्यंत तसाच होता. इस्टेट तिने चालवली, नाव त्याचं झालं. तो बाहेर पडू नये म्हणून ती रात्ररात्र त्याच्या खोलीत बसून त्याच्याबरोबर प्यायली. त्याने घरातल्या योहाना या मोलकरणीवर हात टाकला, तिला दिवस गेले. तिला तीनशे डॉलर देऊन एंगस्ट्रँडशी तिचं लग्न लावण्यात आलं. योहानाने कुठल्याशा परदेशी जहाजावरच्या माणसाची गोष्ट सांगितली, एंगस्ट्रँडने मँडर्सपुढे दोष स्वतःवर घेतला, ते मँडर्सने खरं मानलं, आणि लग्नही त्यानेच लावलं. रेगीना कॅप्टनची मुलगी आहे. ओस्वाल्डला घरातल्या हवेपासून वाचवायला श्रीमती आल्विंगने तो सातव्या वर्षात असतानाच दूर पाठवलं, आणि बाप जिवंत असेपर्यंत घरात पाऊल ठेवू दिलं नाही.

मग अनाथाश्रम कशासाठी? हेही ती सांगते. सत्य एक ना एक दिवस बाहेर येईल ही भीती तिला होती. सगळ्या कुजबुजी बंद व्हाव्यात, शंकेला जागा उरू नये, म्हणून हे स्मारक. दुसरं कारण पैशाचं. आश्रमावर तिने वर्षानुवर्षं जी रक्कम घातली ती बरोबर तेवढी आहे, जिच्यामुळे तरुण लेफ्टनंट आल्विंग एकेकाळी ‘चांगलं स्थळ’ ठरला होता. तिने हिशोब नीट मांडला आहे. तो पैसा म्हणजे तिची किंमत, आणि त्यातलं काही मुलाकडे जाऊ नये अशी तिची इच्छा. मुलाला मिळेल ते सगळं आईचं असावं.

इथे विम्याची बोलणी मागे जाऊन वेगळी दिसू लागतात. आश्रम हाच तिचा विमा होता. नवऱ्याच्या अब्रूचा, आणि त्या अब्रूवर उभ्या असलेल्या स्वतःच्या आयुष्याचा. वीस-पंचवीस वर्षं ती त्याचे हप्ते भरत आली. स्मारकाला आग लागेल का याची चिंता तिला फारशी नाही, कारण स्मारकाचं काम उद्याच्या भाषणांनंतर संपणार आहे. त्यात राहायला येणाऱ्या पोरक्या मुलांचा विचार या बोलण्यांत कुणीच करत नाही. नुकसान भरून देणार का, याला तिने दिलेलं उत्तर आठवावं. अनाथांसाठीच्या संस्थेचं भवितव्य ठरत असताना अनाथ या शब्दामागे माणसं आहेत हे दोघांनाही आठवत नाही. इब्सेनच्या समाजटीकेची ही मला सगळ्यात टोकदार जागा वाटते, आणि ती तो मँडर्सबरोबरच श्रीमती आल्विंगवरही रोखतो. नव्या विचारांची पुस्तकं वाचणारी, धीट बोलणारी, आपली सगळी सहानुभूती जिच्याकडे आहे ती बाई एका वाक्यात मान तुकवते. पुढे दुसऱ्या अंकात ती स्वतःच म्हणते की आई-बापांकडून आलेलंच तेवढं आपल्यात वावरत नाही. मेलेल्या कल्पना, मेलेल्या श्रद्धा आपल्यात तशाच चिकटून राहतात आणि त्यांतून सुटका होत नाही. हे भाषण फार उद्धृत होतं. त्याचा पुरावा तिने त्याच दिवशी सकाळी दिलेला असतो.

तिची दुसरी तजवीज तर याहून वाईट उलटते. ओस्वाल्ड आईला सांगतो की तो आजारी आहे, आता काम होत नाही, कधीच होणार नाही. पॅरिसच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की तू जन्मापासूनच आतून किडलेला आहेस, बापाची पापं मुलांना भोगावी लागतात. ओस्वाल्ड खवळला. त्याने आईची पत्रं काढली आणि बापाविषयीचा मजकूर डॉक्टरला भाषांतर करून वाचून दाखवला. इतक्या थोर माणसाचा मुलगा असा कसा असेल? डॉक्टरने मत बदललं. मग दोष मुलाचाच. तरुणपणीची मौजमजा नडली. ओस्वाल्डने ते मान्य केलं आणि तेव्हापासून तो स्वतःला कुरतडतो आहे. मुलाला बापाच्या वारशापासून वाचवायला लिहिलेल्या पत्रांनी रोग टळला नाही. उलट, न केलेल्या अपराधाचं ओझं मुलाच्या पदरात आलं. या प्रसंगात आई ऐकत असते, तिला सगळं ठाऊक असतं, आणि ती बोलू शकत नाही. ओस्वाल्ड बोलत असताना प्रेक्षकाने बघायचं असतं ते आईकडे.

रोगाचं नाव इब्सेन कुठेही घेत नाही, पण सिफिलिस हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कळत होतं. वैद्यकीयदृष्ट्या इथे अडचण आहे, ती प्रांजळपणे मांडायला हवी. हा रोग बापाकडून मुलाला थेट येत नाही, गर्भात असताना आईकडून येतो. म्हणजे नाटकाचं म्हणणं खरं धरलं तर श्रीमती आल्विंग स्वतःही त्या रोगाची वाहक असली पाहिजे, तिच्यात लक्षणं दिसत नसली तरी. इब्सेनने एवढा विचार केला होता असं नाटकातून दिसत नाही. त्या काळच्या आनुवंशिकतेच्या कल्पना त्याने घेतल्या. पण या चुकीने टीका लंगडी पडते असं मला वाटत नाही. नवऱ्याकडे परत जा असं एका तरुण बायकोला सांगणाऱ्या पाद्र्याने तिला नेमकं कशाकडे पाठवलं, हा प्रश्न आजच्या वैद्यकाने जास्तच कठोर होतो.

आग, आणि हिशोबाची तोडजोड

दुसऱ्या अंकाच्या शेवटी श्रीमती आल्विंग मुलाला आणि रेगीनाला समोर बसवून सगळं सांगायला तोंड उघडते, तोच खिडकीत लाल उजेड दिसतो. आश्रम पेटला आहे. लोक धावतात. मँडर्सच्या तोंडून शेवटचं वाक्य निघतं की यावर विमाही नाही! आणि पडदा पडतो. स्क्रीबकडून शिकलेलं पडद्याचं तंत्र इथे आहे. पण स्क्रीबच्या नाटकात असं वाक्य कथानकाची गाठ सोडवतं, इथे ते एका माणसाला उघडं पाडतं. धावपळीत, भीतीत त्याला जे आठवलं ते हे. तो सरळ माणूस आहे, म्हणून ते लपवतही नाही.

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एंगस्ट्रँड त्याला गाठतो. संध्याकाळी आश्रमात प्रार्थना झाली होती, ती एंगस्ट्रँडनेच घडवून आणली होती. आता तो म्हणतो, पाद्रीबाबांनी मेणबत्तीची वात चिमटीने काढून भुश्शात टाकताना आपण पाहिलं. मँडर्सला असं काही केल्याचं आठवत नाही, पण खात्रीने नाकारताही येत नाही. आग खरोखर कुणी लावली हे इब्सेन सांगत नाही, आणि ते न सांगणंच बरोबर आहे. मँडर्सला सत्य शोधायचं नसतंच. त्याला वर्तमानपत्रं दिसू लागतात, चौकशी दिसू लागते. एंगस्ट्रँड मग सुचवतो की दुसऱ्याचा दोष स्वतःवर घेणारा एक माणूस आपल्याला माहीत आहे, यापूर्वीही त्याने तसं केलं आहे. मँडर्स गहिवरून त्याचा हात हातात घेतो. आश्रमाच्या उरलेल्या पैशातून खलाशांच्या घराला मदत मिळेल, असं तिथल्या तिथे ठरतं. दुसऱ्याची पापं वाहणारा तारणहार ही त्या पाद्र्याच्या धर्मातली सर्वांत पवित्र कल्पना. ती या नाटकात एका दारुड्या, लबाड सुतारावर येऊन बसते, आणि धर्मगुरूला ते पटतं.

त्या घराला नाव कॅप्टन आल्विंगचं द्यायचं असं एंगस्ट्रँड जाहीर करतो. श्रीमती आल्विंगला हवं होतं तसं नवऱ्याच्या नावाचं स्मारक होणार, फक्त खलाशांना दारू आणि बायका पुरवणाऱ्या घरावर. थोड्या वेळाने रेगीनाला आपला बाप कोण ते कळतं. कळल्याबरोबर ती शाल गुंडाळून निघते. आजारी माणसाची शुश्रूषा करत इथे आयुष्य घालवायला ती तयार नाही. आपल्याला सभ्य घरातल्या मुलीसारखं वाढवायला हवं होतं, हे ती मालकिणीला तोंडावर ऐकवते. जाताना सांगते की आपल्याला जायला एक घर आहे, कॅप्टन आल्विंगचं. बापाच्या कायदेशीर मुलाला त्याच्या पैशातलं काही मिळत नाही. नाकारलेल्या मुलीच्या वाट्याला त्याच्या नावाची पाटी येते. अनेक टीकाकार रेगीनाला उथळ, स्वार्थी म्हणून सोडून देतात. मला ते अन्यायाचं वाटतं. या घरात जे काही झाकलं गेलं त्याची किंमत सर्वांत आधी तिच्या आईने आणि मग तिने भरली आहे, आणि तीनशे डॉलरचा तो व्यवहार नाटकात सहज बोलून जातात म्हणून तो लहान ठरत नाही.

याच अंकात इब्सेन आणखी एक पाऊल टाकतो, आणि तिथे हे नाटक निव्वळ ढोंगाची पोलखोल करणाऱ्या नाटकांच्या फार पुढे जातं. दुसऱ्या अंकात ओस्वाल्ड पॅरिसमधल्या आयुष्यातल्या आनंदाविषयी बोललेला असतो, तिथल्या उजेडाविषयी, कामात मिळणाऱ्या समाधानाविषयी. ते ऐकतानाच आईला नवरा पहिल्यांदा वेगळा दिसू लागलेला असतो. तोही तरुणपणी असाच आनंदाने ओसंडून वाहणारा होता. या लहान गावात त्याला आनंद नव्हता, फक्त करमणूक होती. काम नव्हतं, फक्त हुद्दा होता. आणि घरात ती होती, सगळं कर्तव्याच्या मापाने मोजायला शिकलेली. त्याला घर असह्य करण्यात आपलाही वाटा होता, असं ती मुलासमोर कबूल करते. कॅप्टनचे अपराध यामुळे धुतले जात नाहीत, योहानाचं जे झालं ते झालंच. पण दोष एका बदफैली पुरुषावर टाकून मोकळं होण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही.

नाटकाबाहेर तेच घडलं

‘घोस्ट्स’ १८८१च्या डिसेंबरात कोपनहेगनच्या ग्युल्डेनडाल प्रकाशनाने छापलं. पहिली आवृत्ती दहा हजारांची. इब्सेनचं नाव एव्हाना मोठं होतं, दोन वर्षांपूर्वीच्या ‘अ डॉल्स हाउस’ने तो स्कँडिनेव्हियात आणि जर्मनीत गाजत होता. पण पुस्तकविक्रेत्यांनी प्रती परत पाठवायला सुरुवात केली. घरात ठेवायला हे पुस्तक लोकांना नको होतं. दुसरी आवृत्ती निघायला १८९४ साल उजाडलं. ख्रिस्तियानिया (आजचं ऑस्लो), कोपनहेगन, स्टॉकहोम इथल्या मोठ्या नाट्यगृहांनी नाटक नाकारलं. पहिला प्रयोग झाला तो थेट शिकागोत, मे १८८२मध्ये, तिथल्या स्कँडिनेव्हियन स्थलांतरितांपुढे. युरोपात ते उभं राहिलं १८८३च्या ऑगस्टमध्ये, स्वीडनच्या हेलसिंगबोर्गमध्ये. ऑगस्ट लिंडबर्गने ते बसवलं आणि ओस्वाल्डची भूमिकाही केली.

न वाचलेल्या पुस्तकाविषयी मत देणारा मँडर्स आणि परत केलेल्या त्या प्रती यांत मला फरक दिसत नाही. इब्सेनला याचा राग आला, आणि तो त्याने पुढच्याच वर्षी ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ लिहून काढला. तिथे गावाच्या आरोग्यस्नानगृहाचं पाणी दूषित असल्याचं सांगणारा डॉक्टरच लोकशत्रू ठरतो. माझ्या मते ते नाटक ‘घोस्ट्स’पेक्षा सोपं आहे, कारण त्यात बरोबर कोण हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असतं.

जर्मनीत पोलिसांच्या बंदीमुळे १८८७ साली बर्लिनमध्ये एकच प्रयोग होऊ शकला. मग १८८९मध्ये ओटो ब्राम आणि मंडळींनी ‘फ्राय ब्यून’ ही सभासदांची खासगी नाट्यसंस्था काढली, कारण खासगी प्रयोगांना सेन्सॉर लागू नव्हता. पहिलं नाटक त्यांनी ‘घोस्ट्स’ केलं. पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वानच्या तेआत्र लिब्र या नाट्यसंस्थेने ते १८९०मध्ये आणलं. लंडनमध्ये जे. टी. ग्राइनची इंडिपेंडंट थिएटर सोसायटी १३ मार्च १८९१ रोजी याच नाटकाने सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ‘डेली टेलिग्राफ’च्या अग्रलेखाने त्याला उघडं गटार म्हटलं, पट्टी सोडलेली किळसवाणी जखम म्हटलं. समीक्षक विल्यम आर्चरने अशा शिव्या गोळा करून छापल्या, नाटककार बर्नार्ड शॉने त्या आपल्या पुस्तकात घेतल्या. सार्वजनिक प्रयोगाची परवानगी इंग्लंडमध्ये मिळाली ती १९१४ साली. पट्टी सोडली हा आरोप खरा होता. जखम कुणी केली याची चौकशी अग्रलेखाने केली नाही.

या खासगी मंडळींची चाल पुढे मुंबईतही आली. १९३३मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने श्री. वि. वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं. ते इब्सेनचा समकालीन आणि देशबंधू ब्यर्न्स्त्यर्ने ब्यर्न्सनच्या १८८३च्या नाटकावर आधारलेलं होतं. लग्नाआधी मुलीकडून जी पवित्रता मागता तीच मुलाकडून का मागत नाही, हा त्या मूळ नाटकाचा प्रश्न. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, दिवाणखाना खरा दिसला, आणि बोलणं घरातल्या बोलण्यासारखं झालं. ‘अ डॉल्स हाउस’वरून अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ लिहिलं. मराठीत इब्सेनचा प्रभाव म्हटला की चर्चा बहुतेक वेळा ‘अ डॉल्स हाउस’मधल्या, नवऱ्याच्या घराचं दार आपटून बाहेर पडणाऱ्या नोराभोवती फिरते. ‘घोस्ट्स’मधली हेलेन आल्विंग म्हणजे बाहेर पडून परत पाठवली गेलेली बाई. परत आल्यावर वीस वर्षांत काय होतं हे तिच्या घरात दिसतं, म्हणून नोराइतकंच तिच्याकडेही लक्ष जायला हवं.

आणि मँडर्सकडेही. आज हे नाटक करणाऱ्यांना एकच सांगावंसं वाटतं. मँडर्सला ढोंगी किंवा विनोदी करू नका. विम्याची बोलणी करताना नटाने डोळा मिचकावला, आवाजात तेल ओतलं, की प्रेक्षक निवांत होतो. असले पाद्री आपल्यात नाहीत म्हणून घरी जातो. मँडर्सने ती कारणं खऱ्या काळजीने द्यायला हवीत, शहरातल्या वजनदार माणसांची आठवण निघाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर खरी धास्ती दिसायला हवी, आणि समोरच्या बाईने क्षणभर थांबून, काही वाद न घालता, त्याचं म्हणणं मान्य करायला हवं. तसं झालं तर प्रेक्षागृहातल्या बहुतेकांना त्याचं म्हणणं त्या घटकेला पटतं, आणि आग लागल्यावर त्या निर्णयाची जबाबदारी त्यांच्याही अंगावर येते.